नव्या मशीनवरची चादर

गोल्फ क्लबच्या मॅनेजरने चिखलाने माखलेला चेंडू माझ्या मशीनमध्ये टाकला. हात न लावता, नुसत्या उन्हावर हे मशीन चेंडू धुतं, अशी फुशारकी मी मारून बसले होते. आठवडाभर घरच्या अंगणात ठेवून बॅटरी भरली होती, म्हणून खुशाल क्लबच्या सावलीतल्या व्हरांड्यात मांडलं होतं. पण मशीन ढिम्म!

"वायर तूच जोडलीस ना?" मी नवऱ्यावर खेकसले. तो बिचारा स्क्रू उघडायला लागला.

हौसेने सोबत आलेल्या सासूबाई कळवळल्या. "अगं, मी तर रोज चादर घालून जपलं त्याला. नवी वस्तू, उन्हाने रंग उडाला असता."

माझ्या जिवात जीव आला. म्हणजे बिघाड काहीच नव्हता, मशीन नुसतं उपाशी होतं! मॅनेजरला चहाला पिटाळून आम्ही ते उन्हात ओढलं. तो परतेपर्यंत मशीन गुरगुरायला लागलं आणि चेंडू पांढराशुभ्र होऊन बाहेर आला.

"मैदानाच्या पलीकडच्या टोकालाही एक बसवा," मॅनेजर म्हणाला.

सासूबाईंनी लगेच पिशवीतून चादर काढली. "आता तरी झाकू?"

मी चादर हिसकावून घेतली आणि उन्हात घामाघूम झालेल्या त्यांच्याच डोक्यावर धरली.