आडवं होता येईल अशी गाडी

काच खालीवर करायच्या दांडीला मूळची मूठ नव्हती; तिच्या जागी कुणीतरी मेंढीच्या घोट्याचं हाड भोक पाडून बोल्टनं कसलेलं होतं, आणि ते हाड माणसांच्या तळव्यांनी इतकं पिवळं, इतकं गुळगुळीत झालं होतं की डुलमाचा अंगठा त्यावरून सुटेना... किती जणांनी फिरवलं असेल हे, किती जणांनी ओकायला डोकं बाहेर काढायचं म्हणून घाईघाईनं... आणि बाबांना काच खाली लागेल की वर? खाली केली तर धूळ, धुळीनं खोकला. वर केली तर पेट्रोलचा वास, श्वास कोंडणार. म्हणजे आता हेसुद्धा मीच ठरवायचं.

"हाड बघून गाडी घेणार का, ताई?" चुलूनबात बाहेरून म्हणाला. हा जुन्या गाड्यांच्या बाजारातला दलाल. सकाळपासून चिलगोजे फोडत त्यांच्या मागेमागे फिरत होता आणि टरफलं नेमकी तिच्या बुटांपाशी थुंकत होता. "इंजिन बघा. हा घोडा आहे, घोडा!"

"घोडाच आहे," बाबा म्हणाले. "म्हातारा. दात बघू दे."

ही करड्या रंगाची रशियन व्हॅन. हिचं इंजिन आतच असतं, पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, झाकणाखाली. बाबांनी झाकणावर हात ठेवला आणि डोळे मिटले. एकतीस वर्षं त्यांनी उलानबातर ते उव्स ट्रक चालवला होता, आणि इंजिनाला हात लावताना त्यांचा चेहरा नेहमी असा व्हायचा — आजारी मुलाचं कपाळ बघणाऱ्या बाईसारखा. आमच्या कपाळावर तो हात कधी आला नाही, डुलमाच्या मनात आलं, आणि ते आल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला. आज तरी नको. आज हिशेब नको.

उव्स, बाबांचा मुलूख, इथून चौदाशे किलोमीटर. निम्म्याहून जास्त रस्ता डांबरी झालाय म्हणतात; मागच्या निवडणुकीतलं डांबर ते, पातळ भाकरीसारखं, पहिल्याच हिवाळ्यात तुकडे पडलेलं. मंत्री विमानानं जातात. त्यांना रस्ता वरून दिसतो, आणि वरून सगळेच रस्ते सरळ असतात. पुढे तर डांबरही नाही. माळावर पंधरावीस चाकोऱ्या शेजारीशेजारी पसरलेल्या, ज्याला जी बरी वाटेल ती त्यानं धरायची, आणि मध्ये नद्या. खिंडीत बर्फ पडायच्या आत जायला हवं. धाकट्या काकांच्या नातवाचं जावळ आहे. बाबांना तिनं तसंच सांगितलं होतं. जावळ खरंच होतं, मूल पाच वर्षांचं झालं होतं, आमच्याकडे मुलग्याचं तेव्हाच काढतात. पण त्यासाठी ती शिवणकामावर पाणी सोडून गाडी घ्यायला निघाली नसती, हे बाबांना कळत नसेल असं समजायला बाबा काही...

डॉक्टरनं तिला जिन्यात नेऊन सांगितलं होतं. तोंडानं नाही, दोन बोटं वर करून. दोन महिने. आणि लगेच म्हणाला, त्यांना काही सांगू नका. जणू मी सांगणार होते! आमच्यात रोग्याला कुणी सांगत नाही. सगळं घर हसत राहतं, मांसाचा रस्सा वाढतं, पुढच्या वसंतातल्या कोकरांची चर्चा करतं, आणि ज्याचं मरण आहे तोच एकटा त्याच्या बाहेर उभा. छान रीत आहे. माणसाचं सगळं काढून घ्यायचं, आणि शेवटी ती एक गोष्ट खरोखर त्याची, तीही.

हिच्या आधी बघितलेली गाडी जपानी होती, चांदीच्या रंगाची, मऊ. कोरियातून, सोलहून, गान्सुखनं फोनवर बजावलं होतं, "ताई, जपानीच घे. मऊ असते. बाबांना धक्के नकोत." नऊ वर्षं तिकडं वेल्डिंग करणारा तिचा धाकटा भाऊ, प्रत्येक गोष्टीत त्याचं मत तयार असायचं, येणं तेवढं जमायचं नाही. ती म्हणाली होती, "तू चालवणार आहेस का?"

पण मऊ होती खरी. डुलमानं मागच्या सीटा पाडल्या आणि दलालाचं लक्ष नाही असं बघून वितीनं मोजलं. सात विती, आणि मध्येच उंचवटा. आठ लागतात. बाबांची उंची तिला पाठ होती, त्यांचा प्रत्येक डेल, तो लांब अंगरखा, तिनंच शिवला होता, आणि या उन्हाळ्यात अंगातला डेल तिनं दोनदा चार-चार बोटं आत घेतला होता. रुंदी पळून गेली. लांबी तेवढी राहिली.

"काय ठेवायचंय, ताई? फ्रीज?" चुलूनबातनं पकडलंच होतं.

"मेंढी."

"जिवंत की कापलेली? जिवंत असेल तर उभी राहते. कापलेली असेल तर घडी घालता येते!"

ती हसली. खरंच हसली, मोठ्यानं, मग तिनं सीटा उभ्या केल्या आणि म्हणाली, "पोट खाली आहे हिचं. दगड लागतील." हे खोटं नव्हतं. पण हे कारणही नव्हतं. कारण असं की सकाळपासून ती ज्या ज्या गाडीत वाकली त्या त्या गाडीत तिनं एकच गोष्ट पाहिली होती — मागे माणूस सरळ आडवा मावतो का. बसलेला नाही, आडवा. आणि मग त्याला... वाटेतच झालं तर... आठशे किलोमीटरवर झालं, तर उरलेले सहाशे... कोणती मुलगी बाप शेजारी उभा असताना हे मोजते?

आता व्हॅनच्या मागच्या दारातून वाकून तिनं पुन्हा विती टाकायला सुरुवात केली. लोखंडी जमीन थंड होती. चार, पाच... नऊ झाल्या, तरी जागा उरली.

"शिंपीण ना तू?" मागून बाबांचा आवाज. "कापड इथं उभं आहे आणि माप हवेचं घेतेस?"

तिचा हात तिथंच राहिला. अंगठा आणि करंगळी ताणलेली.

बाबांनी तिला कोपरानं बाजूला सारलं, दाराची कड धरली, दम घेतला, दुसऱ्यांदा घेतला, आणि आत चढले. टोपी काढून उशाला घेतली. सरळ आडवे झाले. त्यांच्या बुटांपलीकडे हातभर जागा उरली होती.

"पाय पसरता येतात," ते छताकडे बघत म्हणाले. "गादी टाक जाड. लोकरीची. आता चालव."

"बाबा, उठा. थंड आहे ते."

"मागच्या माळावरून घे. नाल्यातून घे."

"लुव्सान-गुआई, नाल्यात नको हो," चुलूनबात पुढे होऊन बाबांना म्हणाला. "अजून विकली नाही मी!"

"तू गप. चिलगोजे खा."

तिनं गाडी काढली. क्लच दगडासारखा, गिअर घालताना खांद्यातून कळ. बाजार मागे पडला, मग माळ, मग ट्रकांनी पाडलेल्या आडव्या लाटा-लाटांची जमीन. व्हॅनचं हाड अन् हाड वाजायला लागलं. ती हळू करत गेली. जितकी हळू, तितकी गाडी जास्त हादरत होती. मागे आडवे झालेले बाबा दिसत नव्हते, वरच्या आरशात नुसतं निळं आभाळ उड्या मारत होतं, आणि ती प्रत्येक आवाज कानानं निवडत होती: हा पत्रा, हा स्प्रिंग, हा खोकला. खोकला. पुन्हा पत्रा.

"पाय दे!" मागून आवाज आला. "भीत भीत चालवलीस तर प्रत्येक खड्डा मोजून घेते ती. जोरात घाल, वरच्यावर जाते."

तिनं दिला नाही. थोडा दिला.

मग बाबा म्हणाले, अगदी साध्या आवाजात, चहा आहे का विचारावं तसं, "डॉक्टरनं किती सांगितलं तुला?"

चालत्या गाडीत असं विचारत नाहीत. किती राहिलं, कधी पोचू, हे आमच्याकडे गाडीत बसून कुणी तोंडातून काढत नाही. काढलं की चाक फुटतं, नदी चढते, वाट चुकते. बाबांनी एका शाळामास्तराला तेवढ्यासाठी भर माळावर उतरवलं होतं आणि कोसभर चालायला लावलं होतं, हे सगळ्या उव्सला माहीत होतं. आणि घरीसुद्धा तेच. ट्रक निघताना आई चाकांमागे दूध शिंपडायची, परत कधी हे विचारायची नाही. बारा दिवस, वीस दिवस, एकदा सदतीस. गान्सुखला गोवर झाला होता तेव्हा सदतीस. डुलमा दारात उभी राहून मनातल्या मनात शिव्या द्यायची. एक आकडा सांगायला काय जातं या माणसाचं? जिभेला काय काटे आहेत? आकडा असता तर रोज एक कमी करता आला असता. आईच्या तोंडावरची ती सुरकुती...

आणि आता आकडा होता. दोन बोटं. गाडीत तिच्याजवळ होता, आणि एकतीस वर्षांचा ड्रायव्हर पाठीवर पडून तो तिच्याकडे मागत होता.

सांग. रीत गेली खड्ड्यात. त्यांचं आहे ते, त्यांना दे. तिनं तोंड उघडलं.

"चालत्या गाडीत असलं विचारत नाहीत, बाबा."

मग मागून हसू आलं, खडबडीत, खोकल्यात जाऊन पुन्हा हसण्यात परत आलेलं. "बरोबर," ते म्हणाले. "बरोबर आहे. उतरवशील मला."

ते हसले म्हणजे त्यांना कळलं. की मी त्यांना आकड्यापासून वाचवलं म्हणून हसले? की मी त्यांच्यासारखीच निघाले म्हणून? चुकवलं मी, डुलमाला वाटलं, भित्री आहे मी. आणि त्याच वेळी स्टिअरिंगवरच्या हातांना भलतंच काही कळत होतं. पुढे नाला होता, त्याच्यापुढे काय ते दिसत नव्हतं, आणि जो चालवतो त्याच्याकडे सांगण्यासारखं दिसतं तेवढंच असतं. इतकी वर्षं मी ज्याला लपवणं म्हणत होते... पण मग आई? आईचं काय? आईच्या वाट्याला जे आलं ते यानं पुसलं जात नाही. नाही जात. ती माफ करत नव्हती. ती फक्त तिथं बसली होती जिथं ते बसायचे.

बाजूच्या आरशात, दूर, चुलूनबात दोन्ही हात हलवत होता. वळवायला हवी होती. घ्यायची की नाही तेही बोलायचं होतं, गान्सुखला कळवायचं होतं, गादी...

तिनं पाय दिला. लाटांची जमीन आधी दात वाजवत गेली, मग वेग चढला तशी एकाएकी गप्प झाली, आणि व्हॅन वरच्यावर, पाण्यावरून जावी तशी जायला लागली. मागून आवाज नव्हता. झोपले असतील. विचारलं नाही. सकाळपासून तिला फक्त पोचायचं होतं, बर्फाच्या आत, त्या दोन बोटांच्या आत, कसंही करून. आता उव्स इतकं लांब आहे याचं तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती, आणि पायाचा दाब तेवढाच होता.