मागणी शून्य

आमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा इतिहास ऐकावा तो फीतकापे साहेबांच्या तोंडून. फीतकापे हे संचालकांना आम्ही ठेवलेलं नाव. ते आल्यापासून ग्रंथालयात पुस्तकं कमी आणि उद्घाटनं जास्त येतात. जुन्या जकात कचेरीतल्या दोन खोल्या, देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत इथे जमा झालीच पाहिजे हा कायदा, गळक्या छपराखाली स्वतः भिजत पुस्तकांवर छत्री धरणारा पहिला ग्रंथपाल, असं सगळं त्यांच्या भाषणात असतं. 'छत्री' या शब्दावर त्यांचा आवाज कापतो. दर भाषणात, त्याच शब्दावर.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी तिथे लागले. काम कागदाची आम्लता मोजण्याचं. जुना कागद स्वतःतल्याच आम्लाने हळूहळू ठिसूळ होत जातो, तेव्हा कोणतं पुस्तक आधी वाचवायचं हे आम्ही मोजून सांगतो. आमचा अहवाल नीट बांधून कपाटात ठेवतात. अहवाल उत्तम टिकतात.

माझ्या आईला मात्र त्या अख्ख्या इमारतीतलं एकच पुस्तक हवं होतं. आजोबा, म्हणजे तिचे वडील, कुलपं दुरुस्त करायचे. आयुष्यात त्यांनी एकच पुस्तक लिहिलं, तेही कुलपांवर. बांधणीच्या हिरव्या कापडावर, पुस्तकाच्या पाठीकडच्या कण्याच्या मधोमध, खरी किल्ली तापवून त्यांनी तिचा ठसा उमटवला होता. कायद्याप्रमाणे एक प्रत जमा करायला ते लहानग्या आईचा हात धरून स्वतः ग्रंथालयात गेले होते. घरच्या प्रती पुढे वाळवीने संपवल्या.

त्या पुस्तकात एक हकिगत आहे. आजोबांनाही दाद न देणारं एक कुलूप त्यांच्याच घरातल्या पोराने केसातल्या पिनेने उघडलं. आई म्हणते, ते पोर मी. मामा म्हणतो, मी.

"तुझ्या केसात पिन कुठून आली रे दादा?"

"तुझीच घेतली होती."

"आणि उघडलं कुणी?"

"बाबांनी लिहून ठेवलंय. वाच की."

"वाच काय वाच! पुस्तक आहे का घरात?"

हे भांडण माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. नातेवाईक जमले की मामा ती गोष्ट रंगवून सांगायचा, लोक हसायचे, आणि आई उठून आत जायची. तिची शाळा मामाच्या शाळेसाठी सुटली, दुकान मामाला मिळालं. तिच्या वाट्याला एवढं एक कुलूप आलं होतं, तेही भाऊ स्वतःच्या नावावर खपवत होता.

म्हणून मी नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने ग्रंथालयात रीतसर मागणी नोंदवली. उत्तर आलं, 'नोंद आढळत नाही.' नोंद आढळणार कशी? आजोबांच्या काळातली जमा झालेली पुस्तकं तळघरात तशीच पडून होती. त्यांची सूची करायचं काम पुढच्या माणसावर सोपवून प्रत्येक माणूस निवृत्त झाला होता.

त्यातच साहेबांनी हुकूम काढला की वीस वर्षांत ज्या पुस्तकांना मागणी आली नाही, ती काढून टाकावीत. मी त्यांच्या खोलीत गेले.

"साहेब, तळघरातल्या पुस्तकांची नोंदच झालेली नाही. नोंद नाही म्हणून ती कुणाला मागता येत नाहीत. आणि कुणी मागितली नाहीत म्हणून आपण ती काढतोय."

"बरोब्बर!" साहेब खूश झाले. "म्हणजे मागणी शून्य."

"माझ्या आईने मागितलंय एक. हिरवं, किल्लीचा ठसा असलेलं."

"यादीत नसलेलं पुस्तक मागितलं तर ती मागणी धरत नाहीत, बाळ." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "किल्लीचा ठसा? अगं, मग काळजी कशाला? देखणी पुस्तकं आपण नव्या जतन दालनात लावतोय. भिंतभर! आईंना बोलव उद्घाटनाला. दोन शब्द बोलतील."

आईने त्या दिवशी मामाला स्वतःहून फोन केला. "ये रे दादा. भिंतीतून काढून तुझ्यासमोर वाचते."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मला दालनात पाठवलं. काचेमागे पुस्तकं बंद केली की आतली आर्द्रता मोजावी लागते, म्हणून यंत्र बसवायचं होतं. काच उघडून मी दोन पुस्तकांच्या मध्ये यंत्र सरकवायला गेले, तर ते सरकेना. पुस्तकांच्या मागे प्लायवूड होतं. मागे म्हणजे लगेच मागे. मी एका कण्यावर टिचकी मारली, दुसऱ्यावर मारली. नुसते कणे. कापून, ओळीने, गोंदाने चिकटवलेले.

"पूर्ण पुस्तक लावलं तर भिंत वीतभर पुढे येते हो," सजावटकार म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की मी त्याच्या कारागिरीची चौकशी करतेय.

"आणि उरलेली पुस्तकं?"

"ती लगद्याला गेली. कणे छान निघाले पण. ब्लेड चांगलं होतं."

तिसऱ्या ओळीत हिरवा कणा होता. ठसा थोडा तिरका.

ज्या कागदाची आम्लता मोजायला सरकार मला पगार देत होतं, तो कागद सरकारनेच पाण्यात कालवला होता. त्यात आता मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी आले तेव्हा आई इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. तिने इस्त्री उभी ठेवली.

"काच आहे म्हणालीस ना?"

"हो."

"कुलूप?"

"आहे. छोटं, कपाटाला असतं तसं. आत चार पातळ पत्रे असतील, एक स्प्रिंग."

"बरं. दादाला काही सांगू नकोस."

समारंभाला मंत्री आले. फीत कापली गेली. छत्रीवर आवाज कापला. मग साहेबांनी आईला पुढे बोलावलं. "यांच्या वडिलांचं पुस्तक आज या भिंतीत सुरक्षित आहे!" टाळ्या झाल्या. मामाने सगळ्यात जोरात वाजवल्या.

आई माईककडे गेलीच नाही. ती भिंतीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, ये इकडे."

मामा हसत हसत गेला. आईने केसातली पिन काढून त्याच्या हातात दिली. "तू उघडलं होतंस ना? हेही उघड. आत बाबांचं पुस्तक आहे. वाचूनच दाखव सगळ्यांना."

"इथे? अगं, मंत्री बसलेत..."

"बसू देत. बसलेल्यांना काय घाई?"

मंत्री हसले, म्हणून साहेबही हसले, आणि मामाला मागे फिरायची सोय उरली नाही. त्याने पिन घातली, फिरवली, कपाळ पुसलं, पुन्हा फिरवली. पिन वाकली.

"ही पिनच मऊ आहे."

"सरक बाजूला," आई म्हणाली. तिने दुसरी पिन काढली, दातांनी तिच्या टोकाची टोपी उडवली, टोक जमिनीवर दाबून किंचित वळवलं. मग कान कुलपाजवळ नेला. मी घड्याळ बघायच्या आत काच उघडली होती.

टाळ्या पुन्हा झाल्या. हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं लोकांना वाटलं. साहेबांनाही क्षणभर तसंच वाटलं असावं, कारण तेही वाजवत होते.

आईने हिरवा कणा धरून ओढला. तो टर्र करून निघाला. मागच्या गोंदाला प्लायवूडचे तुकडे चिकटून आले. तिने तो उलटसुलट करून बघितला, किल्लीच्या ठशावरून अंगठा फिरवला आणि साहेबांसमोर धरला.

"यातलं बाकीचं आणा. मला वाचायचंय."

"बाई, दालनातली वस्तू बाहेर देत नाहीत."

"बाहेर कुठे नेतेय? इथेच बसून वाचते." ती पहिल्या रांगेत मंत्र्यांच्या शेजारच्या, साहेबांसाठी राखलेल्या खुर्चीत बसली. "आणा तुम्ही. मी थांबते."

साहेबांनी सजावटकाराकडे बघितलं. सजावटकाराने छताकडे बघितलं. मंत्र्यांनी वाकून आईच्या हातातला कणा बघितला, मागचा गोंद बघितला, आणि मग सगळ्या भिंतीकडे बघितलं. दालनात कुणी टाळ्या वाजवत नव्हतं.

मामा वाकडी पिन हातात घेऊन अजून काचेपाशीच उभा होता. मग तो येऊन आईच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"तूच उघडलं होतंस," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"तूच उघडलं होतंस!"

पुढच्या आठवड्यात दालन पुन्हा खुलं झालं. आईने उपटलेल्या कण्याच्या जागी सजावटकाराने हिरव्या रंगाची पट्टी ओढली आहे, लांबून अजिबात कळत नाही. सुरक्षिततेत सुधारणा म्हणून काचेला मोठं, परदेशी बनावटीचं कुलूप बसवलं आहे, आणि त्याचंही छोटं उद्घाटन झालं.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आई इस्त्रीच करत होती. तिने मान वर केली.

"कुलूप कसलं आहे?"