खुर्चीवरच्या तीन गाद्या

मी एक जुनी, भक्कम लाकडाची खुर्ची आहे. माझी पाठ अजून ताठ आहे आणि माझ्यावर पोक काढून बसलेले मला खपत नाही. मित्रांनो, तुम्ही आता मोठे झालात, संसाराला लागलात, म्हणून ही गोष्ट सांगते. माना खाली घालू नका. नीट ऐका.

एका सुताराने मला आपल्या शिंपी मित्रासाठी घडवले. त्या शिंप्याच्या मागे त्याचा मुलगा, तोही शिंपीच, माझ्यावर बसू लागला. त्याच्या हाताला यश होते. शरीर कधी चुकत नाही, चुकते ते कापड, असा त्याचा बाणा. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असला, तर तो कोटाला आतून अशी भर घाली की माणूस आरशात पाहून सुखावे. लोक त्यासाठी लांबून येत.

मग एका हिवाळ्यात तो माझ्यावर चुळबुळू लागला. बसले की मांड्यांच्या मधोमध, आत खोल कुठेतरी ठणके. घडीघडी लघवीला उठे आणि ओठ आवळून परते. दोष कुणाला दिला? मला! त्याने एक गादी शिवली, तिच्यावर दुसरी, मग मधोमध भोक ठेवलेली तिसरी. माझे हात त्यांत बुडून गेले. अपमान तर झालाच; पण मला त्याचीच काळजी अधिक वाटे, कारण तो वर घरात निजायला जाईना. कामाचे निमित्त सांगून दुकानातल्या बेतायच्या टेबलावरच अंग टाकी.

एका दुपारी दुकान बंद असताना त्याची बायको खाली आली आणि सरळ माझ्यावर बसली.

"अहो, मी नकोशी झालेय का? काय ते तोंडावर सांगा."

"अगं, काहीतरीच काय बोलतेस!"

"मग त्या टेबलावर काय माझी सवत झोपते?"

तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "माझंच बिनसलंय. जवळ आलो की लगेच संपतं सगळं. पूर्वी असं नव्हतं, तुला माहितीये. शिवाय नंतर दुखतं. कुठल्या तोंडाने येऊ तुझ्याजवळ?"

मग तिने अंगाखालच्या गाद्या चाचपल्या. "आणि ह्या कशाला?"

"बसवत नाही. लघवीलाही आग होते. खुर्चीच कडक झालीय."

"खुर्ची!" ती ताडकन उठली. "माणूस दुखतोय आणि तुम्ही खुर्चीला कपडे शिवताय! घाला चपला."

डॉक्टरांकडून परतल्यावर दोघे माझ्याजवळच बोलत बसली, म्हणून मला सारे कळले. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची छोटी ग्रंथी असते. तिला सूज आली होती. त्या सुजेनेच बसणे नकोसे केले, लघवीला जाळ लावला. आणि शीघ्रपतन म्हणतात तेही बहुधा तिच्यामुळेच मागे लागले. प्रत्येक वेळी कारण हेच असते असे नाही. पण आधी सगळे ठीक असून नंतर हे सुरू झाले, आणि सोबत असे दुखणे असले, तर तपासून घ्यावेच, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"यात पुरुषपणाचा काही संबंध नाही, म्हणाले ते," शिंपी पुटपुटला.

"ते मी फुकटात सांगितलं असतं," ती म्हणाली. त्याच्या गळ्यातली मोजपट्टी काढून तिने आपल्या गळ्यात घातली. "आज मापं मी घेते. तुम्ही जरा पाय मोकळे करून या."

औषध बरेच लांबले. मध्ये एकदा दुखणे उलटले तेव्हा तो पुन्हा खचला. पण या वेळी टेबलावर एकटा नाही, वर जाऊन, तिच्या शेजारी. हळूहळू उतार पडला. एकेक गादी उतरली. भोकाची गादी मांजरीने बळकावली.

मित्रांनो, विनंती करण्याची मला सवय नाही, तेव्हा आज्ञाच समजा. दुखणे गाद्यांखाली दडपू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि त्याआधी आपल्या माणसाला सांगा.

आता त्या टेबलावर फक्त कापड असते. शिंपी माझ्यावर ताठ बसतो, आणि वरून हाक आली की सुई कापडातच ठेवून उठतो.