पाचव्या फेडरवरचा हात

बाबांना जाऊन महिना होत आला, तरी स्टुडिओतल्या मिक्सरवर त्यांचाच हात फिरत होता. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही हो. खरोखर फिरत होता, भर दुपारी, चिंगीच्या डोळ्यांसमोर.

चिंगी म्हणजे बाबांची मुलगी. केसांत पांढऱ्या बटा आल्या, पण लहानपणी घटकाभर एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव काही सुटलं नाही. ती बाबांच्याच हाताखाली त्यांच्या स्टुडिओत शिकली. गाण्यातले सगळे आवाज एकत्र बांधणारा तो मिक्सर बाबांनी स्वतः जुळवलेला. त्यातलं प्रत्येक चॅनेल, म्हणजे एकेका आवाजाची वाट, हे एक सुटं मॉड्यूल. स्क्रू सोडवले की अख्खी पट्टी हातात. आठवडाभर स्टुडिओत गाणी जमवायची, आणि शनिवार आला की त्यातलीच अर्धी मॉड्यूलं काढून नाइटक्लबात पाठवायची. बाबा म्हणायचे, "दिवसा शहाणा आणि रात्री उनाड, असा एकच मुलगा झालाय मला."

प्रत्येक पट्टीवर खाली-वर सरकणारी एक मूठ, तिला फेडर म्हणायचं. वर सरकवली की आवाज वाढतो, खाली ओढली की उतरतो. या फेडरांना मोटर होती. गाणं चालू असताना बाबा फेडर जसा हलवतील तसा मिक्सर लक्षात ठेवायचा, आणि पुन्हा गाणं लावलं की फेडर आपले आपण तस्से हलायचे. पथ्य एकच, चालत्या फेडरला बोट लावायचं नाही. लावलं की तेवढी जुनी हालचाल पुसली जाते आणि तुमच्या बोटाची नवी तिथे बसते.

म्हणून बाबांचं अर्धवट राहिलेलं शेवटचं गाणं लावताना चिंगीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

गाणं आईचं होतं. आईने गाणं सोडून कित्येक वर्षं झाली होती. बाबांनी हात धुऊन मागे लागून तिला पुन्हा माइकसमोर उभं केलं होतं. आज ते टेपवर उतरवणं भागच होतं, कारण संध्याकाळी क्लबचा माणूस मॉड्यूलं न्यायला येणार होता. क्लबवाले बिचारे महिनाभर थांबले हेच खूप. आणि मॉड्यूल एकदा बाहेर काढलं की त्याची सगळी आठवण कोरी.

सुरुवात झकास झाली. पाचवा फेडर आईच्या आवाजाचा. ओळ सुरू व्हायच्या जरा आधी तो वर जायचा, तिने श्वास घेतला की केसभर खाली यायचा. अगदी बाबा! चिंगीला हसू आलं. शेवटचं कडवं लागलं आणि ड्रम-बासचे चार फेडर एकदम वर उसळले. स्पीकर गरजले. पाचवा धाडकन खाली आपटला.

"अगं बाई!" चिंगी खुर्चीतून उडालीच.

असला गाढवपणा बाबा जन्मात करायचे नाहीत. मग तिच्या लक्षात आलं. बाबा इथे कोसळले होते. ते चार फेडर वर रेटले होते ते त्यांच्या कोपरापासूनच्या हाताने, आणि पाचवा दुसऱ्या हाताबरोबर खाली ओढला गेला होता.

त्या दिवशी क्लबच्या माणसाला ते मिक्सरवर डोकं टेकलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले, त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. आई त्या एका वाक्यावर तग धरून होती. कारण त्या दुपारी दोघांची चांगलीच जुंपली होती. आई म्हणाली, "माझा आवाज तुम्ही कायम ड्रमखाली पुरता." बाबा म्हणाले, "मग गळा उघड की जरा." "बसा तुमच्या ड्रमला घेऊन!" असं म्हणून आई दार आपटून वर घरात निघून गेली. तिचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं ते.

आणि इथे गाणं अजून संपलं नव्हतं. खाली पडलेला पाचवा फेडर हलला. कापत कापत वर चढू लागला. मध्येच घसरला, पुन्हा चढला. आईच्या आवाजाची हद्द म्हणून बाबांनी पेन्सिलने केलेल्या खुणेपाशी आला, तिच्याही बोटभर वर गेला आणि तिथेच थरथरत राहिला. गाणं विरायची वेळ झाली तेव्हा बेताबेताने खाली आला, बाबा नेहमी आणायचे तसाच.

म्हणजे बाबा एका क्षणात गेले नव्हते. कडवंभर जिवंत होते, एकटे, आणि आई वर रुसून बसली होती. हे आईला कळलं तर ती स्वतःला कधीच माफ करणार नाही. हे आत्ताच्या आत्ता पुसायचं. चिंगीने गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत मागे घेतलं.

तेवढ्यात दार उघडलं. आईच. हाताला मटाराची सालं तशीच चिकटलेली.

"कसला आवाज झाला गं?"

"काही नाही. चुकून वाढला."

"त्या दिवशी हाच आला होता." आई दारातच उभी राहिली. "मला वाटलं, मला चिडवायला मुद्दाम ड्रम वाढवलेत. मी वरची खिडकीसुद्धा लावून घेतली, चिंगे."

चिंगी उठून मिक्सरसमोर आडवी उभी राहिली.

"लाव," आई म्हणाली.

"आई, नको ना. पुढे काही नाहीये."

"लाव म्हणते ना!"

चिंगीने लावलं. आईने सगळं उभ्यानेच पाहिलं. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे होते अजून."

"अगं, डॉक्टर म्हणाले ना..."

"डॉक्टरला काय कळतंय फेडरमधलं!" तिने पेन्सिलच्या खुणेवरून बोट फिरवलं. "माझा आवाज खुणेच्या वर नेलाय बघ. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मेला हट्टी माणूस." ती हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. चिंगीने तिला धरून खुर्चीत बसवलं, तशी पदराने नाक पुसत म्हणाली, "टेप सुरू कर. तू ते चार धर. पाचवा मी धरते."

"आई, पुसलं जाईल! त्यांचं तेवढंच राहिलंय आपल्याकडे."

"माहीत आहे मला. तुझ्या जन्माआधीपासून बघतेय हा मिक्सर. मग काय, असंच ठेवायचं? दर वेळी गाणं लावलं की त्यांनी पुन्हा पडायचं, पुन्हा एकट्याने धडपडायचं?"

चिंगीने टेप सुरू केली. तिने गाणं लावलं.

शेवटचं कडवं आलं. चिंगीने चार फेडरांवर आडवा हात दाबला. जुन्या मोटरी हट्टी. खालून रेटा आला, जड, माणसाच्या हाताएवढा. ती ओठ चावून दाबत राहिली. शेजारी आईने पाचवी मूठ दोन बोटांत धरली. मूठ खाली जायला बघत होती, कापत होती, आई तिला सोडत नव्हती. सावकाश तिने ती खुणेच्या बोटभर वर नेली आणि तिथे धरून ठेवली. तिचे ओठ हलत होते. गाण्याचे शब्द ते नव्हते. गाणं विरायला लागलं तशी तिने बोटं उचलली. मूठ पुन्हा बाबांची झाली आणि आपली आपण, बेताबेताने खाली आली.

"पुन्हा लाव," आई म्हणाली. "आता बघू दे."

दोघी हात मागे बांधून उभ्या राहिल्या. ड्रम गरजले नाहीत. पाचवा फेडर वर गेला आणि खुणेच्या बोटभर वर, स्थिर, थांबला. स्टुडिओभर आईचाच आवाज होता.

"बघ," आई म्हणाली, "आता नाही कापत यांचा हात."