कुलूप लावलेलं गोदाम

सात गोदामांची चार करायची होती. फरश्या आणि नळ विकणाऱ्या कंपनीने त्यासाठी सल्लागार नेमले होते, आणि कोणतं गोदाम राहील, कोणतं जाईल हे ठरवणारं गणित तिच्या संगणकावर होतं. सातांपैकी एका गोदामाचा व्यवस्थापक तिचा सख्खा मोठा भाऊ होता. हे तिने ऑफिसात सांगितलं नव्हतं.

नकाशावर प्रत्येक गोदाम म्हणजे एक ठिपका. भाडं, वाहतूक, दुकानांची मागणी भरली की सर्वांत कमी खर्चाची जोडणी प्रोग्राम निवडतो. काही जागा मात्र कंपनीला सोडायच्याच नसतात. करार लांबचा असतो किंवा जमीन स्वतःची असते. अशा ठिपक्याला कुलूप लावतात. मग प्रोग्राम त्याला हात लावत नाही, बाकीच्यांतून काटछाट करतो. शेवटी एकदा सगळी कुलपं काढून गणित मोकळं चालवायचं, असा ऑफिसचा दंडक होता. कोणतं कुलूप केवढ्याला पडतं ते त्यातून कळायचं.

दादाच्या गोदामाला तिने कुलूप लावलं ते नुसतं बघायला, असं तिने मनाशी म्हटलं होतं. मोकळ्या गणितात दादाचं गोदाम गेलं, नदीपलीकडचं दुसरं एक राहिलं. कुलूप लावल्यावर उलटं झालं. खर्चातला फरक किरकोळ होता. तिने कुलूप तसंच ठेवून मसुदा पाठवला.

मसुदा गोदामांपर्यंत झिरपायला वेळ लागला नाही. दादाने जेवायला बोलावलं.

"या सल्लागारबाई," तो दारातच म्हणाला. "चपला काढा, इथे साधी माणसं राहतात."

"तुझा भाऊ आठवडाभर हवेत आहे," वहिनी आतून म्हणाली. "काल कामावर जाताना आरशासमोर टाय बांधत होता. गोदामात जायला टाय!"

"गोदामात नव्हतो जाणार. नदीपलीकडे जायचं होतं, त्यांचे रॅक मोजायला. आता ते आपल्याकडे येणार." त्याने तिला ताट दिलं. "एक सांग छोटे, मी तुला या कामाबद्दल एका शब्दाने तरी विचारलं?"

"नाही."

"विचारणारही नव्हतो. तुझी पंचाईत झाली असती."

ती पाणी प्यायली.

"तिथल्या व्यवस्थापक बाई चांगल्या आहेत गं. चहा पाजला, टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. मग म्हणाल्या, तुमच्यात असं काय आहे हो, जे आमच्यात नाही? मी म्हटलं, बाई, गणित आहे ते. त्याला ना तुम्ही ठाऊक, ना मी."

"मग?"

"मग काय. पुढचा रॅक मोजायला लागल्या. बरोबरच बोललो ना?"

"अगं, भाजी घे," वहिनी म्हणाली. "ताटाकडे काय बघत बसलीस?"

"वेळेवर कळलं म्हणून बरं," दादा म्हणाला. "दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीचं बोलणं झालं होतं माझं. आजच त्यांना नाही म्हणून कळवलं."

दुसऱ्या दिवशी कंपनीत अंतिम सादरीकरण होतं. त्याआधी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सर म्हणजे तिचे वरिष्ठ. चष्मा कपाळावर ठेवून तो शोधण्याबद्दल प्रसिद्ध.

"मोकळं गणित चालवलंस ना?"

हो म्हणून विषय संपवता आला असता. ते खरंही होतं.

"चालवलं. त्यात नदीपलीकडचं राहतं. मसुद्यात त्याच्याऐवजी जे राहिलंय, त्याला कुलूप मी लावलंय, कंपनीने नाही."

"कारण?"

"तिथे माझा भाऊ आहे."

सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे न बघता नकाशा बघितला. "कुलूप काढ, नवा नकाशा मला पाठव. सादरीकरण मी करतो. तू आत येऊ नकोस. बाकीचं उद्या बोलू."

तिने कुलूप काढलं. दादाचा ठिपका राखाडी झाला.

दुपारी ती गोदामावर गेली. धक्क्याला ट्रक लागला होता. दादा फरश्यांच्या खोक्यांचे कोपरे तपासत होता. त्याला बाजूला घेऊन तिने सगळं सांगितलं, लावलेलं कुलूप आणि काढलेलंही.

"त्या दुसऱ्या ठिकाणी परत विचारून बघ ना," ती म्हणाली.

"सकाळी त्यांचा फोन आला होता. माणूस मिळाला त्यांना."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. दादाने हातानेच थांब म्हणून खूण केली.

"लावताना मला विचारलं नाहीस," तो म्हणाला. "काढतानाही नाही."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"ते आता कसं कळणार?" त्याने खिशातून मोजायची टेप काढली. "ही त्या बाईंची. चुकून माझ्याकडे आली. चल."

"मी?"

"गणिताला कुणी ठाऊक नसतं, हे त्यांना मी सांगून आलोय. आता खरं काय ते तू सांग."

गाडीत तो रस्त्याकडे बघत राहिला. टेप तिच्या मांडीवर होती. पूल ओलांडताना तो एवढंच म्हणाला, "मी तिथे टाय घालून गेलो होतो."