पाय दोन, मात्रा सात

मी ड्रम बोलतोय. ढोल म्हणाल तर राग येईल. मेरठच्या एका कारखान्यात जन्मलो आणि लखनौ छावणीतल्या पलटणीच्या बँडमध्ये आलो. एक-दोन, एक-दोन, यातच माझं आयुष्य चाललं होतं. एकवर जवानांचा डावा पाय, दोनवर उजवा. यापलीकडे जगात काही वाजतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

मला वाजवायचा नाईक जयसिंग, साताऱ्याकडचा. बोलायला कंजूष, पण हात असा की पलटणीनं डोळे मिटून चालावं. रविवारी चामडं ताणायच्या निमित्तानं तो मला क्वार्टरवर न्यायचा. तिथं त्याची लेक उत्कर्षा गिटार घेऊन बसलेली असे. कॉलेजातल्या मैत्रिणींचा तिचा रॉक बँड होता. चौऱ्याण्णव साली स्पर्धा तोंडावर आली आणि त्यांची ड्रम वाजवणारी लग्न ठरून निघून गेली.

"बाबा, आप बजाइए ना. गाना सात मात्रा में है."

"सात? अगं, माणसाला पाय किती? दोन!"

"तो इसपे चलना थोड़ी है, बाबा!"

एरवी त्या घरात बाप मराठीत विचारी, लेक हिंदीत उत्तर देई आणि बोलणं तिथंच संपे. आता मात्र दुपारच्या दुपार दोघं माझ्याभोवती बसू लागली. तीन, मग दोन, पुन्हा दोन. जयसिंग अडखळायचा, चिडायचा, पुन्हा काठ्या उचलायचा. एकदाचं जमलं तेव्हा पोर ओरडली, "वाह बाबा!" आणि हा गडी चक्क लाजला. मलाही इतका आनंद कधी झाला नव्हता.

पण दैव देतं अन् कर्म नेतं. मोठ्या साहेबांसमोर परेड होती. चालता चालता जयसिंगच्या हातून सातचा ठेका वाजून गेला. सातात जोराची थाप एकदा डाव्या पायावर येते, पुढच्या खेपेला उजव्यावर. पहिली रांग अडखळली, दुसरी तिच्यावर आदळली.

"जयसिंग! ये क्या बजा रहा है?" बँडमास्तर गरजले.

त्याच दिवशी माझा पट्टा त्याच्या खांद्यावरून उतरला. त्याला बँडच्या स्टोअरात बसवलं. स्पर्धेत वाजवायलाही त्यानं नकार दिला.

एक दिवस उत्कर्षा डबा घेऊन स्टोअरात आली. "गाना चार में कर दिया, बाबा. अब कोई भी बजा लेगा."

"बरं केलंस," म्हणत त्यानं डबा उघडला. डबा रिकामा व्हायची वाट न बघता ती निघून गेली. ते 'बरं केलंस' मला परेडपेक्षा जास्त लागलं.

आता मला दुसरा जवान वाजवतो. परेड संपली की जयसिंग मला पुसून ठेवतो. पुसताना त्याचं फडकंसुद्धा एक-दोन, एक-दोन असंच फिरतं. वाचकहो, माझं बोलणं त्याच्या कानी पोचत नाही. तुम्हीच त्याला सांगा, मैदानावर चुकलं ते चुकलं. पण घरात तू चुकला नव्हतास, गड्या.