रब्बींचा अंगठा

ब्रायन्डलच्या ओठावर हंसाचं पीस ठेवलं होतं. ते हललं नाही. आमच्या यहुद्यांच्या गल्लीत एवढ्यावर माणूस मेला असं धरतात आणि सूर्य मावळायच्या आत पुरून मोकळे होतात. मी मेलेल्या बायकांना धुणारी. अठरा वर्षांत अशी शंभरेक पिसं पाहिली, पण पीस चुकलं तर काय, हे एकदाही विचारलं नाही. कारण तेव्हा पेंढ्यावर माझी धाकटी बहीण नव्हती.

हिवाळ्यातला शुक्रवार. सूर्य बुडाला की शब्बाथ लागणार, मग शनिवार संपेपर्यंत दफन नाही. सकाळी ती तापात हसली, दुपारी थंड पडली. तिला जमिनीवर, पेंढ्यावर घेतलं, पाय दाराकडे. आरशावर कापड टाकलं. दफन मंडळाचा म्होरक्या रेब झेलिग उंबऱ्यात उभा राहून आभाळ बघत होता.

"तेल्त्से, हात चालव. शब्बाथ कुणासाठी थांबत नाही."

मी तांब्या उचलला आणि आमचे धर्मगुरू, रब्बी अझ्रिएल, आत आले. रब्बी झाल्यावर इटलीत पादुआला जाऊन वैद्यकी शिकलेला माणूस. कोंबडीच्या पोटात खिळा सापडला, आता ती धर्माला चालते का, हे विचारायला लोक सकाळी त्यांच्याकडे जायचे. संध्याकाळी तेच लोक स्वतःचं पोट घेऊन जायचे. आणि मागे म्हणायचे, अर्धा रब्बी, अर्धा डॉक्टर.

ते गुडघ्यांवर बसले. बर्फातून आलेले, बोटं निळी पडलेली. त्यांनी ब्रायन्डलच्या मनगटावर अंगठा टेकला आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"नाडी आहे," ते म्हणाले. "बारीक आहे. पण आहे."

"हे कोण बोलतंय?" झेलिगने विचारलं. "रब्बी का डॉक्टर?"

"डॉक्टरला शंका आहे. आणि शंका असली की रब्बीला पुरता येत नाही."

"पादुआत शंका शिकवतात वाटतं. आम्ही इथं खात्रीनं पुरतो."

"खात्रीनं किती पुरलीत, रेब झेलिग?"

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

आम्ही ब्रायन्डलला उचलून पलंगावर निजवलं, दुलई घातली. सूर्य गेला. शब्बाथला आम्ही विस्तवाला हात लावत नाही. आमच्या चुली आनेझ्का पेटवते, ती ख्रिस्ती आहे. ती लाकडं घेऊन आली, तर रब्बींनी तिला दारातच थांबवलं.

"जीव वाचवायला शब्बाथ मोडायचा, तर दुसऱ्याच्या हातानं नाही. आधी रब्बीनं मोडायचा."

आणि त्यांनी स्वतः चूल पेटवली. खिडकीला गल्लीतली तोंडं चिकटली होती. कुणीतरी काचेवर थुंकलं. थुंकी तिथंच गोठली.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. मी ब्रायन्डलचा हात धरून बसले. चूल धगधगत होती आणि जमिनीवरच्या पेंढ्याला उन्हाळ्याचा वास यायला लागला. सकाळ झाली की बर्फाचा उजेड पांढरा, सपाट, भिंतींना भिंतीपण उरायचं नाही. घर जागचं सुटून नदीतून हळूहळू चाललंय असं वाटायचं. आरशावरचं कापड पाण्यासारखं हलायचं. रब्बी स्तोत्रं म्हणायचे, मध्येच लॅटिनमध्ये आकडे मोजायचे, मग पुन्हा स्तोत्रं. दोन्ही एकाच चालीत. ब्रायन्डल पाच वर्षांची होऊन माझ्या पाठीवर बसली होती, आम्ही नदी उतरत होतो, आणि ती मानेवर बोटानं ठोकत होती. टक. टक. माझ्या मुठीतल्या तिच्या मनगटात तेच चाललं होतं.

"लागतेय," मी म्हणाले.

रब्बींनी चुलीत आणखी एक लाकूड घातलं.

रविवारी दुपारी त्यांनी माझ्याकडून तिचं पोट उघडं करून घेतलं. कातडी हिरवट झाली होती. त्यांनी ती झाकली, बाहेर गेले आणि जमलेल्या सगळ्यांसमोर झेलिगला सांगितलं.

"ती मेलेलीच होती. बोटं बधिर होती म्हणून मी अंगठा लावला. अंगठ्यात स्वतःची नाडी वाजते. मला लागली ती माझी होती. पहिल्या वर्षाची पोरं ही चूक करतात."

"म्हणजे स्वतःच्या नाडीसाठी शब्बाथ मोडलात."

"हो."

"आणि पुन्हा अशी वेळ आली तर?"

"पुन्हा चूल पेटवीन. अंगठा लावणार नाही."

खोटं बोलला असता तर तो माणूस आजही इथं रब्बी असता. नाडी होती, पण विझली, एवढं म्हणायचं होतं. कोण तपासणार होतं? खरं बोलला म्हणून महिनाभरात गल्लीनं त्याला हाकललं. ज्यांनी त्याच्याकडून पोटं दुखायची थांबवून घेतली, त्यांनीच गाडीत सामान चढवून दिलं, लवकर जावा म्हणून.

जाताना ते माझ्या दारात थांबले.

"तेल्त्से, तुम्हाला लागली ती तुमची होती."

"माहितेय," मी म्हणाले. दोन दिवस माझं रक्त तिच्या हातात वाहत होतं. त्यात पाप कुठं आहे ते झेलिगनं दाखवावं.

ब्रायन्डल मेली होती, हे मला ठाऊक आहे. बाकीच्या शंभरांचं ठाऊक नाही.

परवा पाववाल्याची आई गेली. झेलिगनं पीस ठेवलं, ते हललं नाही. मी ते उचलून बाजूला ठेवलं, खाली बसले आणि म्हातारीच्या मनगटावर तीन बोटं टेकली. अंगठा मुठीत दाबून धरला.

"तेल्त्से, सूर्य बघ."

"तुम्ही सूर्य बघा, रेब झेलिग. मी हिला बघते."